छातीत गाठ लागल्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत : सातारा-सांगलीकडच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शक

स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आपल्याकडच्या घरांत यातली पहिली गोष्ट दिलासा म्हणून सांगितली जाते आणि दुसरी कोणाला माहीतच नसते. "दुखत नाही ना, मग राहू दे, हळद निघू दे, द्राक्षं उतरू देत, पोरीचं लग्न उरकू दे, मग दाखवू" असे म्हणता म्हणता सहा-आठ महिने जातात. हा वेळ दवाखान्यात जात नाही, घरातच जातो, आणि नेमका तोच वेळ सर्वांत महाग पडतो. भारतातील कर्करोग नोंदणी केंद्रांच्या आकडेवारीनुसार आजार स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या शंभरपैकी सुमारे ८१ स्त्रिया पाच वर्षांनंतर जिवंत असतात. तो काखेपर्यंत गेला असल्यास हा आकडा ६५ च्या आसपास येतो, आणि इतर अवयवांत पसरला असल्यास १८ वर. देशात दर वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९० हजार नवे रुग्ण सापडतात, त्यामुळे हा आजार आता फक्त शहरातल्या बायकांचा राहिलेला नाही.

हा लेख वाचण्याच्या सोयीसाठी टप्प्यांत मांडला आहे. ज्या टप्प्यावर आपण उभ्या असाल तेथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

आपली छाती आपल्याला माहीत असावी

स्तन म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, ते दूध बोंडापर्यंत आणणाऱ्या नलिका, आणि या सर्वांभोवतीची चरबी. या रचनेमुळे निरोगी स्तनही सगळीकडे सारखा मऊ लागत नाही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तो जड, दुखरा आणि गुठळ्यांचा लागतो, पाळीनंतर हलका होतो. म्हणून हाताने पाहायचे असेल तर पाळी संपल्यानंतरच्या तीन-चार दिवसांत पाहावे, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांनी महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी. आधी आरशासमोर हात खाली सोडून, मग डोक्यावर धरून, मग कमरेवर दाबून दोन्ही बाजू पाहाव्यात: कुठे खळी पडते का, बोंड आत ओढले गेले आहे का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते का. त्यानंतर आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, बोटांच्या टोकांनी नव्हे तर मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि काखेपर्यंत गोल फिरवत दाबून पाहावे. काखेकडचा वरचा भाग विसरू नये, कारण बऱ्याच गाठी तेथेच सापडतात.

मात्र या स्व-तपासणीवर सगळी भिस्त ठेवणे बरोबर नाही. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की केवळ दरमहा स्वतः तपासल्याने मृत्यू कमी झाले नाहीत; तपासणीसाठी गाठीतून विनाकारण काढलेल्या तुकड्यांची संख्या मात्र वाढली. प्रशिक्षित हाताने केलेल्या तपासणीचे तसे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी आरोग्य कार्यकर्तीने हाताने तपासणी केल्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या आणि मोठी यंत्रेही वापरत नव्हत्या, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीनंतरच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी अपेक्षित आहे. आशाताई फॉर्म भरून घेतात, आणि गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी ताई तपासणी करतात. आशाताई दारात आल्या की "मला काही नाही" म्हणून त्यांची बोळवण करू नये, एवढे तरी घरातल्या सासू-सुनांनी ठरवावे.

कोणती तक्रार कशाची असू शकते

पंधरा ते पस्तीस या वयात गोटीसारखी घट्ट, बोटाखाली इकडून तिकडे पळणारी गाठ बहुधा फायब्रोअॅडेनोमा असते. ती कर्करोग नव्हे आणि प्रत्येक वेळी काढावी लागते असेही नाही. पस्तीस ते पन्नास या वयात पाण्याच्या गाठी होतात, ज्यांतले पाणी सुईने काढले की त्या बसतात. अंगावर पाजणाऱ्या आईला ताप येऊन स्तन लाल, गरम आणि ठणकणारा झाला तर तो दुधाच्या नलिकांचा जंतुसंसर्ग असतो. अशा वेळी पाजणे बंद न करता लगेच डॉक्टरांना दाखवावे, पू झाला तर तो काढावा लागतो. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोगही होतो, आणि वारंवार फुटणारी, वाहणारी गाठ पाहून त्याची शंका घेतली जाते. पाळीबरोबर दोन्ही बाजूंना होणारे दुखणे सहसा काळजीचे नसते. त्यासाठी व्यवस्थित आधार देणारी ब्रेसियर आणि डॉक्टरांचे एकदाचे आश्वासन पुरते.

पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर मात्र आठवड्याच्या आत दाखवावे: दोन पाळ्यांनंतरही न गेलेली गाठ, चाळिशीनंतर नव्याने लागलेली कोणतीही गाठ, काखेतली गाठ, नव्याने आत ओढलेले बोंड, एकाच बोंडातून आपोआप येणारे रक्ताळलेले किंवा पाण्यासारखे स्राव, बोंडावरचे मलमाने न जाणारे खरजेसारखे चट्टे, आणि जंतुसंसर्गाची औषधे घेऊनही न उतरलेली लाली व सूज. हे पुरुषांनाही लागू आहे. एकूण रुग्णांपैकी सुमारे १ टक्का पुरुष असतात आणि ते बायकांपेक्षाही उशिरा दाखवतात.

गाठ कशामुळे झाली याचा शोध घेण्यात घरे फार शक्ती खर्च करतात. ब्लाउजमध्ये मोबाईल किंवा पैशांची पिशवी ठेवल्याने, काळी ब्रेसियर घातल्याने, मूल खेळताना लागल्याने किंवा कोणाच्या करणीने कर्करोग होत नाही. वाढते वय, लवकर सुरू झालेली व उशिरा थांबलेली पाळी, मूल न होणे किंवा पहिले मूल उशिरा होणे, अंगावर न पाजणे, पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन, मद्यपान आणि जवळच्या नात्यातील आजार यांनी धोका वाढतो. तरीही बऱ्याच रुग्ण स्त्रियांमध्ये यातले ठळक असे काहीच सापडत नाही, आणि ज्या बाईने चार लेकरे अंगावर पाजली तिलाही हा आजार होतो. तेव्हा तिने काय चूक केली हे विचारण्यात काहीच अर्थ नाही.

आधी कोणाला दाखवायचे

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्याकडून सुरुवात झाली तरी हरकत नाही. पण शंका आल्यावर सर्जनपर्यंत जावेच लागते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, कराडला कृष्णा रुग्णालय ही सर्वांच्या ओळखीची ठिकाणे आहेत. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी मिशन रुग्णालय काढल्यापासून मिरजेची ओळखच वैद्यकीय गाव अशी झाली, आणि आज तेथे केवळ कर्करोगाचे रुग्णालयही आहे. रेडिएशनची, म्हणजे किरणोपचाराची, सोय मिरज, सातारा आणि कोल्हापूर येथे असल्याने जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या रुग्णाला प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई गाठण्याची गरज राहिलेली नाही. मुंबईला टाटा रुग्णालयात जायचेच असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा अशी येते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर व एसी थ्री टियरमध्ये रेल्वे पूर्ण भाडे माफ करते, सोबत्यालाही सवलत मिळते, आणि त्यासाठी रुग्णालयाकडून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो.

पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा संकोच अगदी खरा आहे, त्याला हसू नये. तपासणीच्या वेळी नर्स किंवा नात्यातील स्त्री जवळ असावी असे सांगण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. महिला सर्जन मिळत असेल तर तिची वेळ घ्यावी, पण तिच्यासाठी महिना-दोन महिने थांबू नये.

तीन तपासण्या, आणि त्याही क्रमानेच

निदान तीन गोष्टींवर उभे असते: डॉक्टरांच्या हाताची तपासणी, फोटो आणि तुकडा. फोटो म्हणजे तरुण वयात सोनोग्राफी, आणि साधारण चाळिशीनंतर मॅमोग्राफी व गरजेप्रमाणे सोनोग्राफी. मॅमोग्राफीत स्तन दोन पाट्यांमध्ये काही क्षण दाबला जातो, थोडे दुखते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात. रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' असा क्रमांक असतो: १ म्हणजे सर्व ठीक, २ म्हणजे निरुपद्रवी बदल, ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, ४ आणि ५ म्हणजे तुकडा काढलाच पाहिजे. ० आला तर घाबरू नये. त्याचा अर्थ फोटो अपुरे आहेत एवढाच.

तुकडा म्हणजे बायोप्सी. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन जाड सुईने गाठीतले शेवयांसारखे चार-पाच बारीक तुकडे घेतले जातात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितले जाते की सुशिक्षित घरेही मागे फिरतात. सुईने आजार पसरत नाही. उलट सुईशिवाय उपचारच ठरवता येत नाहीत.

या टप्प्यावर एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. छोट्या दवाखान्यात "गाठ काढून टाकू, मग बघू कशाची आहे ते" असा सल्ला मिळाला तर हात जोडून नकार द्यावा. आधी तुकडा, मग निदान, मग ऑपरेशन हा क्रम उलटला की काढलेल्या भागाच्या कडा आजारापासून मोकळ्या राहिल्या का, काखेचे काय, गाठ किती मोठी होती हे कोणालाच नीट कळत नाही. पुढच्या सर्जनला तीच जागा पुन्हा उघडावी लागते, आणि जिचा स्तन वाचला असता तिचा तो काढावा लागतो. ज्या गाठीची आधी केमो (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे) देऊन लहान करण्याची संधी होती ती संधीही हातची जाते.

दुसरी खबरदारी बारीक आहे पण तितकीच मोलाची. काढलेला तुकडा तपासणीसाठी लॅबमध्ये नेण्याचे काम अनेकदा नातेवाइकांवर येते. तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीतच असावा, साध्या सलाइनमध्ये किंवा कोरडा नसावा, फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट असावे, आणि बाटलीवर नाव, वय, बाजू व वेळ लिहिलेली असावी. बाटली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी एसटीने पाठवू म्हणू नये; ती त्याच दिवशी पोहोचवावी. तुकडा खराब झाला तर पुढच्या तपासण्या चुकीच्या येतात आणि उपचारही त्यांच्यावरूनच ठरतात. लॅबमध्ये तयार झालेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड रुग्णाला मागता येतात. मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे असेल तर तेथे ते आधी मागतात.

रिपोर्टमधली तीन अक्षरे

तुकड्याच्या रिपोर्टनंतर आणखी एक रिपोर्ट येतो, ज्यात ईआर, पीआर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारे एक प्रथिन) लिहिलेले असते. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर गाठ स्त्रीसंप्रेरकांवर वाढते आणि त्या संप्रेरकांना अडवणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टूपुढे ३+ असेल तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन लागते, ० किंवा १+ असेल तर लागत नाही, आणि २+ असेल तर 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करून मगच ठरते. तिन्ही निगेटिव्ह असल्यास त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, आणि त्यात केमोवर अधिक भर असतो. हा रिपोर्ट हातात नसताना कोणी पूर्ण उपचाराचा आराखडा सांगत असेल तर "ईआर, पीआर, हर-टू झाले का?" एवढे विचारायला संकोच करू नये.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे, आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. उपचार सुरू करण्याआधी, म्हणजे पैसे भरून पावती फाडण्याआधी, रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन त्यांना भेटावे, कारण मंजुरी आधी लागते. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत फरक असेल, लग्नानंतर नाव बदललेले असेल, तर तो दुरुस्त करण्यात दिवस जातात. म्हणून गाठीची शंका आली त्याच आठवड्यात कागद तपासून घ्यावेत. १५५३८८ या क्रमांकावर योजनेची माहिती मिळते.

एक जाड फाइल करावी. त्यात तारखेप्रमाणे रिपोर्ट, प्रत्येक केमोच्या औषधांची यादी, ऑपरेशनची टिपणी आणि डिस्चार्ज कार्ड लावावे, आणि सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावेत. पुराचे पाणी सांगलीच्या घरांत शिरते तेव्हा काय होते हे सांगलीकरांना सांगायला नको.

उपचार कसे ठरतात

ऑपरेशन दोन प्रकारचे. फक्त गाठ आणि भोवतीचा निरोगी भाग काढून स्तन राखता येतो, त्यानंतर रेडिएशन घ्यावे लागते. किंवा पूर्ण स्तन काढला जातो. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी चालवलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, आणि योग्य रुग्णांमध्ये दोन्ही मार्गांनी आयुर्मान सारखेच राहते हे त्यांतून स्पष्ट झाले. तरीही "सगळंच काढून टाका, डोक्याला ताप नको" असा निर्णय अनेकदा घरातले पुरुष परस्पर घेतात. निर्णय जिच्या शरीराचा आहे तिला दोन्ही पर्याय समजावून सांगूनच तो व्हावा. रेडिएशनसाठी तीन आठवडे ये-जा जमणार नाही म्हणून स्तन काढणे तिने स्वतः पसंत केले तर तेही तितकेच योग्य. काखेतल्या पहिल्या एक-दोन लसीकाग्रंथी (काखेतल्या गाठी) तपासून त्या आजारापासून मोकळ्या निघाल्या तर पूर्ण काख साफ करावी लागत नाही आणि हाताला सूज येण्याचा धोका घटतो, म्हणून ही सोय आपल्या रुग्णालयात आहे का हे ऑपरेशनआधीच विचारावे.

केमो ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर, बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जाते. केमो आणि हर-टूचे इंजेक्शन यांआधी हृदयाचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. ट्रास्टुझुमॅब बहुधा वर्षभर दर तीन आठवड्यांनी चालते. भारतीय कंपन्यांची औषधे आल्यापासून त्याची किंमत पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरली आहे. अजून मूल हवे असलेल्या स्त्रीने केमो सुरू होण्याआधीच तसे डॉक्टरांना सांगावे, कारण केमोने पाळी कायमची जाऊ शकते. उपचारांच्या काळात दिवस राहू नयेत, आणि त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या न वापरता तांबी किंवा निरोध वापरावा.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा अभिमान योग्यच आहे, पण गाठीवर हळदीचा लेप लावल्याने कर्करोग जात नाही. स्वयंपाकातली हळद चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, काढे, भस्मे ही मात्र केमोच्या औषधांशी झगडू शकतात, त्यामुळे घेत असल्यास लपवू नयेत. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेला काढा यकृताचा रिपोर्ट बिघडल्यावर उघड होतो, तोवर पुढचा डोस लांबलेला असतो.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे

घरी येताना बहुधा एक नळी आणि तिच्या टोकाला दाबता येणारी डबी असते, तिला ड्रेन म्हणतात. हात साबणाने धुऊन रोज ठराविक वेळी डबीचे झाकण उघडावे, आतले पाणी मापाच्या भांड्यात ओतावे, डबी पूर्ण दाबून हवा काढावी आणि दाबलेल्या स्थितीतच झाकण लावावे. झाकण आधी लावले तर ओढ राहत नाही. पाणी किती मिली आले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहावे. सुरुवातीला लालसर, मग पिवळसर होत जाते. २४ तासांत साधारण ३० मिलीपेक्षा कमी, असे सलग दोन दिवस आले की नळी काढतात. डबी परकराच्या नाडीला पिनेने अडकवली की उठताना ओढ बसत नाही. नळी काढल्यावर जखमेखाली पाणी साठून फुगवटा आला तर तो घरी दाबू नये. डॉक्टर सुईने काढतात आणि तसे एक-दोनदा करावे लागले तरी ते अपयश नव्हे.

खांद्याचा व्यायाम ही बरे होण्यातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. सासरची मंडळी प्रेमापोटी "हात हलवू नको, टाके तुटतील" म्हणतात, बाई हात छातीशी धरून बसते, आणि महिन्याभराने खांदा आखडतो. रेडिएशन घेताना हात डोक्यावर नेऊन तसाच स्थिर ठेवावा लागतो. तो जात नाही म्हणून रेडिएशन लांबते. म्हणून दुसऱ्याच दिवसापासून मूठ उघड-मीट करावी, कोपर वाकवावे, खांद्यापर्यंत हात हळूहळू नेत जावे. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये. नळी निघाली की भिंतीसमोर वीतभर अंतरावर उभे राहून बोटांनी भिंतीवर वर वर चढत जावे, जेथवर पोहोचता येते तेथे खडूने रेघ मारावी, दहा मोजून सावकाश खाली यावे. असे दिवसातून तीन वेळा करावे. दुसऱ्या दिवशी रेघ दोन बोटे वर जाते. ओढ बसणे ठीक आहे, कळ येणे ठीक नाही. काखेतून कोपराकडे ताठ दोरीसारखी ओढ जाणवली तर ती ताणण्याच्या व्यायामाने जाते, फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

ब्लाउजच्या रिकाम्या बाजूसाठी सुरुवातीला मऊ सुती भरणी पुरते. ती घरच्या जुन्या सुती कापडाची शिवता येते. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, सिलिकॉनची वापरता येते. तिचे वजन दुसऱ्या बाजूइतके असल्याने पाठ व मान एका बाजूला झुकत नाही.

केमोचे दिवस

पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. मळमळीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. तापाबाबत मात्र अजिबात ढिलाई चालत नाही. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जायचे, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. आधी पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते, कारण ताप दबतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. त्यामुळे घरात थर्मामीटर हवाच.

जेवणात पथ्यांची लांबलचक यादी नको. ज्वारीची भाकरी, वरण, मोडाच्या उसळी शिजवून, अंडी, दूध, चालत असेल तर चांगले शिजलेले मटण-मासे हे सगळे चालते. नको आहे ते कच्चे व उघड्यावरचे: चिरून ठेवलेली फळे, गाड्यावरची चटणी, न उकळलेले पाणी. तासगावची द्राक्षे घरात आली तर ती मिठाच्या पाण्याने आणि मग वाहत्या पाण्याने नीट धुऊनच द्यावीत. बघायला येणाऱ्यांची रीघ हाही एक धोकाच असतो, आणि सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवण्याचे काम नवऱ्याने करावे.

रेडिएशनला आपल्याकडे लाइट घेणे म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी १५ वेळा, सोमवार ते शुक्रवार, असे तीन आठवड्यांत ते पूर्ण होते. कातडीवर आखलेल्या खुणा पुसू नयेत, त्या भागावर हळद, बाम, पावडर लावू नये, सैल सुती कपडे घालावेत. या उपचाराने रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, त्यामुळे नातवंडांना मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही.

हाताची सूज

काखेतल्या गाठी काढल्या की हातातले लसीकाद्रव परत जाण्याची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो, कधी काही महिन्यांनी तर कधी वर्षांनी. अंगठी किंवा बांगडी घट्ट होणे, बाही रुतणे, हात जड वाटणे ही सुरुवातीची चिन्हे असतात. म्हणून हळदी-कुंकवाला त्या हातात घट्ट काचेचा चुडा भरू नये. उसाच्या पाल्याने, द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीने किंवा भाजी निवडताना काट्याने झालेली जखमसुद्धा लगेच धुऊन औषध लावावे. शेतात जाताना पूर्ण बाही आणि हातमोजे घालावेत. रक्त काढणे, सुई आणि बीपी शक्यतो दुसऱ्या हातावर करावे, पण तातडीच्या वेळी त्याच हाताला सुई लागली म्हणून घाबरून जाऊ नये. त्या हाताने काहीच काम करू नये हा जुना सल्ला आता दिला जात नाही. ओझे हळूहळू वाढवत नेले तर व्यायामाने फायदाच होतो. भरलेला हंडा मात्र पहिले काही महिने दुसऱ्या बाजूने उचलावा. सूज दिसू लागली तर मापाची घट्ट बाही आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करावी. हात लाल, गरम होऊन ताप आला तर तो संसर्ग आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पुढची वर्षे

ईआर पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रीला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी रोज एक, निदान पाच वर्षे आणि काहींना दहा वर्षे घ्यावी लागते. "आता सगळे रिपोर्ट चांगले आहेत, गोळी कशाला" म्हणून दुसऱ्या वर्षीच ती बंद होणे हे फार वेळा घडते, आणि आजार परतण्याचे ते टाळता येण्याजोगे कारण आहे. टॅमॉक्सिफेनवर असताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एक पाय सुजून दुखू लागला तर लगेच दाखवावे. लेट्रोझोलने सांधे धरतात आणि हाडे विरळ होतात, त्यासाठी हाडांची तपासणी, कॅल्शियम व डी जीवनसत्त्व आणि रोजचे चालणे लागते. त्रास होत असेल तर गोळी बदलता येते, म्हणून बंद करण्याआधी विचारावे. अंगातून वाफा येणे, योनीचा कोरडेपणा, शरीरसंबंधाची इच्छा न उरणे यांवरही उपाय आहेत, पण ते डॉक्टरांना कोणी सांगत नाही. नवऱ्यासमोर बोलणे जड जात असेल तर एकटीने नर्सशी बोलावे. झोप उडणे आणि महिनोन्‌महिने मन उदास राहणे हेही तपासणीत सांगण्यासारखे आहे.

पहिली तीन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी, चौथ्या-पाचव्या वर्षी सहा ते बारा महिन्यांनी, आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी होते. राखलेल्या किंवा दुसऱ्या बाजूच्या स्तनाची मॅमोग्राफी दर वर्षी. तक्रार नसताना दर खेपेला पेट स्कॅन (पूर्ण शरीराचा फोटो) करण्याची गरज नसते, त्याने आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. मात्र व्रणावर किंवा काखेत नवी गाठ, दोन-तीन आठवडे न थांबणारी पाठ किंवा कंबरदुखी, न जाणारा कोरडा खोकला व धाप, डोकेदुखीबरोबर उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जावे.

मुली आणि बहिणी

स्तनाच्या कर्करोगापैकी साधारण ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात, ज्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष महत्त्वाचे आहेत. आजार पन्नाशीच्या आत झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, दोन्ही स्तनांत असेल, किंवा आई, मावशी, बहीण, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा अथवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर आधी रुग्ण स्त्रीचीच रक्ततपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. हा दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्याचा आजार "त्यांच्याकडचा" म्हणून बाजूला ठेवू नये. दोष सापडला नाही तरी मुलींची नियमित तपासणी आईच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू करण्याची प्रथा आहे: आईला ४५ व्या वर्षी निदान झाले असेल तर मुलीने ३५ व्या वर्षापासून. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत अडचण येईल म्हणून आईचा आजारच लपवला जातो, आणि पुढे त्याच मुलीला डॉक्टर विचारतात तेव्हा तिला सांगण्यासारखे काही नसते. आईच्या रिपोर्टची एक प्रत तिच्या कपाटात असावी, माहेरीही आणि सासरीही.